बाबांच्या नावापुढची सही

ताई दर रविवारी अकराला यायची आणि बाबा दहापासून दाराकडे तोंड करून बसायचे.

म्हणजे मीच बसवायचे. आठवड्याचे सहा दिवस मी त्यांना उठवते, तोंड पुसते, दाढी करते, सूप भरवते, संडासापर्यंत धरून नेते आणि सातव्या दिवशी त्यांची खुर्ची दाराकडे वळवते, ताईसाठी. ताई येणार इस्त्रीच्या कपड्यांत, पिशवीत चार संत्री, अंगाला दवाखान्याचा औषधी वास. ती दातांच्या डॉक्टरकडे बाहेरच्या टेबलावर बसते आणि ठणकत्या दाढेच्या माणसांना गोड आवाजात सांगते, की डॉक्टर पाचच मिनिटांत येतील. तोच आवाज घेऊन ती घरी येते. "काय म्हणतायत आमचे ड्रायव्हरसाहेब?" असं म्हणाली की बाबांचा अर्धा चेहरा हसतो. उरलेला अर्धा गेल्या वर्षी झटका आला तेव्हापासून हसत नाही, पण ताईसमोर तोही जरा प्रयत्न करतो. माझ्यासमोर अख्खा चेहरा सुट्टीवर.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ना, तसं.

आणि गंमत म्हणजे ताईला त्यांचं बोलणं कळतसुद्धा नाही. झटक्यानंतर बाबांचे शब्द असे येतात, जणू तोंडात कापूस भरलाय. मला सगळं कळतं. मग ताई त्यांचा हात हातात धरून बसणार आणि मान वळवून मला विचारणार, "काय म्हणाले?" मी सांगायचं. बाबा बोलणार तिच्याशी, ती हसणार त्यांच्याशी, आणि मी मधली तार.

आई जाऊन सहा वर्षं झाली. ताई नोकरीसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. शाळा मी दहावीत सोडली, झटक्याच्या तीन महिने आधी. गणिताच्या सरांशी वाजलं होतं माझं. पण ताई लोकांना सांगते, "धाकटीनं बाबांसाठी शाळा सोडली हो." माझा त्याग पण तीच वाटत फिरते.

तर, त्या मंगळवारी टपालवाला एक मोठा लिफाफा देऊन गेला. बाबांचं टपाली मत. आमच्या शहरात मधोमध बसचा डेपो आहे. तो विकून तिथे दुकानांची इमारत बांधायची का, यावर लोकांचं मत घेत होते. बाबांनी त्या डेपोतून सव्वीस वर्षं बस काढली. झटक्यानंतर त्यांनी कुठल्याच गोष्टीसाठी हट्ट केला नव्हता, जेवणासाठीपण नाही. पण हे मत त्यांना द्यायचंच होतं. रोज विचारायचे, "आलं का?" घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून गेल्या वर्षीच आम्ही टपालानं मत द्यायचा अर्ज करून ठेवला होता.

लिफाफा बघितल्यावर मी लगेच पेन आणलं. म्हटलं, "चला, आत्ताच करून टाकू. दहा मिनिटांचं काम."

बाबांनी सूचनांच्या कागदावर बोट ठेवलं. सहीखाली साक्षीदार हवा, वय अठरा पूर्ण. मला चार महिने कमी.

"ताई येऊ दे," बाबा म्हणाले.

तळपायाची आग मस्तकात गेली. अंघोळ मी घालणार, नखं मी कापणार, आणि कागदावर नाव कुणाचं? पाच दिवस तो लिफाफा कपाटावर पडून होता. मी त्याच्याकडे बघायचे तेव्हा मला तो सुद्धा इस्त्रीचा वाटायचा.

रविवारी ताई आली. पाठोपाठ चावीवाले काका पण आले. त्यांचं खाली, जिन्याच्या तोंडाशीच चाव्या बनवायचं दुकान आहे. रविवारी दुकान बंद, पण तोंड चालू.

"घरी बसून मत?" काका खुर्ची ओढत म्हणाले. "मला नाही पटत. मत द्यायचं तर समोर जावं, ओळखपत्र दाखवावं, माणूस आणि फोटो जुळला की द्यावं. आता हा लिफाफा. कुणी भरला, कुणी चिकटवला, कोण बघतंय?"

"मी बघतेय ना काका. साक्षीदार असतो," ताई म्हणाली.

"तू बघतेस गं. पण सगळ्यांच्या घरी तू आहेस का? माझ्याकडे माणूस येतो, म्हणतो कुलूप उघडून द्या. मी पहिलं विचारतो, घर तुझंच कशावरून? कागद दाखव. लोक चिडतात. पण चोरी झाली तर?"

"आणि ज्याचं खरंच घर आहे, पण कागद आत अडकलाय, त्याचं काय?" ताई म्हणाली. "त्यानं रस्त्यावर झोपायचं? बाबांना तीन जिने उतरवणार कोण? तुम्ही?"

"सांगितलंत तर उतरवीन. खांद्यावर घेऊन उतरवीन."

बाबा काहीतरी बोलले. तिघांनी माझ्याकडे बघितलं.

"म्हणतात, मी पोतं नाहीये," मी सांगितलं.

काका हसले. ताईपण हसली, पण ते मी बोलल्यावर, पंगतीत उशिरा वाढल्यासारखी. बाबा वर्षभरात एकदाही खाली गेले नव्हते. आम्ही उचलून नेतो म्हटलं की भिंतीकडे तोंड करायचे. गल्लीतल्या ज्या लोकांना त्यांनी बसमधून फिरवलं, त्या लोकांसमोरून उचलून जायचं नव्हतं त्यांना.

मग मत झालं. बाबांनी डाव्या हातानं उजवा हात धरला आणि मतपत्रिकेवर 'विकू नये'च्या चौकोनात फुली मारली. ती आतल्या लिफाफ्यात, तो बाहेरच्या लिफाफ्यात, आणि बाहेरच्यावर सही. सहीला सात मिनिटं लागली. मी घड्याळ बघत होते. काळी मुंगी शाईतून निघून कागदावर मरायला आडवी झाली, अशी ती सही दिसत होती. त्याखाली ताईनं आपलं नाव लिहिलं, एकेक अक्षर मोत्यासारखं. बाबांनी ते वाचलं आणि तिच्या गालावर हात फिरवला.

मला काय मिळालं? "जा, पेटीत टाकून ये पटकन."

पेटीपाशी मी लिफाफा फटीत अर्धा घातला आणि धरून उभी राहिले. सोडला नाही तर? मनात आलं, खोटं कशाला बोलू. ताईच्या नावावर अंगठा ठेवला तर फक्त बाबांचं नाव दिसत होतं. मागे एक माणूस पत्र घेऊन उभा होता, तो म्हणाला, "टाकतेयस की वाचतेयस?" मी सोडला.

दहा दिवसांनी, बुधवारी, निवडणूक कचेरीचं पत्र आलं. पत्रात लिहिलं होतं की लिफाफ्यावरची सही आमच्याकडच्या नमुना सहीशी जुळत नाही, म्हणून मत बाजूला ठेवलंय. खाली दोन चौकोनांत दोन्ही सह्या छापल्या होत्या. उजवीकडे बाबांची मेलेली मुंगी. डावीकडे नमुना सही, झोकदार, एका दमात केलेली.

ती मी केलेली होती.

गेल्या वर्षी अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. बाबांना घरी आणून आठवडा झाला होता. ताईनं फोनवर सांगितलं, "आजच सही घे आणि पाठव, उद्या चालणार नाही." मी पेन त्यांच्या बोटांत घातलं, ते गळून पडलं. परत घातलं. त्यांनी डाव्या हातानं पेन भिंतीवर फेकलं आणि रडले. बाबांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं. मग मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यावर कागद ठेवून सही ठोकली. बाबांची सही मला पाठ होती. प्रगतिपुस्तकांवर, गैरहजेरीच्या चिठ्ठ्यांवर तीन वर्षं मीच करत होते. शाळेनं मला पक्कं शिकवलेलं एवढंच.

म्हणजे कचेरीच्या हिशेबात बाबा म्हणजे मी. आणि खऱ्या बाबांनी खरी सही केली तर कचेरी म्हणते, हा माणूस कोण?

मी तासभर पत्र हातात घेऊन बसले. सही दुरुस्त करायची मुदत शुक्रवारी दुपारी चारपर्यंत. मग ताईला फोन केला. फक्त एवढंच सांगितलं की सही जुळली नाही.

ती संध्याकाळी आली तीच तोफ भरून. "आजारी माणसाचा हात थरथरतो एवढी अक्कल नाही यांना? मी तक्रार करते. वरपर्यंत जाते. बाबा, तुम्ही बिलकुल काळजी करू नका!"

बाबा तिच्याकडे असे बघत होते, जशी ती बसच घेऊन आलीये त्यांच्यासाठी. मग त्यांनी पत्र मागितलं. बघितलं. जवळ घेतलं, लांब धरलं. डाव्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाले, "ही माझी नाही."

"काय म्हणाले?" ताईनं विचारलं.

मी म्हटलं, "म्हणतात, हात फार थरथरला."

बाबांनी टेबलावर तळहात आपटला. "खोटं!"

तो एक शब्द असा खणखणीत आला, की ताईलासुद्धा कळला. वर्षभरात तिला माझ्याशिवाय कळलेला पहिला शब्द, आणि तो माझ्याबद्दल.

मग सांगावंच लागलं. सगळं सांगितलं, ओटा, पेन, प्रगतिपुस्तकं. बाबा रडले एवढं सांगितलं नाही.

"अगं गुन्हा आहे हा!" ताईचा गोड आवाज कुठल्या कुठे गेला. "आणि काका इथे बसून तेच तर म्हणत होते, आणि मी येडपटासारखी भांडत होते! चोर घरातच!"

"तू म्हणालीस आजच पाठव! उद्या चालणार नाही म्हणालीस! फोनवरून हुकूम सोडायला काय जातं? ये ना इथे राहायला. महिनाभर संडासला ने त्यांना, मग मला गुन्हा शिकव!"

"मी नोकरी करते म्हणून घर चालतं."

"आणि मी काय करते म्हणून बाबा चालतात?"

ती खाली बसली, पत्र परत वाचलं. दोन मार्ग दिले होते. एक, नमुन्याशी जुळणारी सही सोबतच्या कागदावर करून पाठवा. दोन, मतदारानं ओळखपत्र घेऊन स्वतः यावं. ताईनं तो सोबतचा कागद सरळ केला. दोनदा हात फिरवला त्याच्यावर. आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "तू कर ना. एकदाच. जुळेल."

मला वाटलं मी चुकून ऐकलं.

"मत त्यांचंच आहे," ती म्हणाली. "खूण त्यांचीच आहे. सही कुणाची, काय फरक पडतो? उद्या मी जाऊन देऊन येते."

खरं सांगते, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मोत्यासारख्या अक्षरांची ताई, साक्षीदार ताई, आणि तिला माझा हात लागत होता. मी पेन उचललं. टोपण काढलं. एका दमात झाली असती.

बाबांनी कागदावर हात ठेवला. उजवा, अधू हात, डाव्यानं उचलून ठेवला. म्हणाले, "मी जाणार."

या वेळी ताईनं विचारायच्या आधीच मी सांगितलं. आणि मला राग आला, एवढा, की टोपण लावताना पेन हातातून उडालं. एकदा, एकदाच घरात माझ्यावाचून अडलं होतं, आणि त्यांनी ते पण काढून घेतलं.

गुरुवारी चावीवाल्या काकांनी जुन्या कुलपांच्या पेटीचे पट्टे आणले. बाबांना जेवायच्या खुर्चीत बसवून छातीवरून एक, मांड्यांवरून एक असे बांधले. काकांना आम्ही एवढंच सांगितलं होतं, की सही जुळत नाही. ते खूश होते. "बघ, शेवटी तोंड दाखवायलाच लागतं," ते ताईला म्हणाले. "पण तीन जिने आहेत हे मात्र खरं हां." पहिल्या मजल्यावर टेकले तेव्हा घामानं थबथबले होते. "चौथा असता तर मी पण टपालाच्या बाजूनं झालो असतो."

ताईनं अर्धी रजा टाकली होती आणि दवाखान्यातली चाकाची खुर्ची मागून आणली होती. गल्लीत लोक थांबले. बाबांनी समोर नजर ठेवली, स्टिअरिंगमागे बसल्यासारखी. केशकर्तनवाला दारात येऊन म्हणाला, "साहेब, आज कुठली गाडी?" बाबांनी उत्तर दिलं आणि मी ते सांगितलं नाही, कारण ती शिवी होती.

कचेरीत खिडकीपलीकडे एक बाई होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, शेजारी थंड झालेला चहा. त्यांनी बाबांचं निवृत्तीचं कार्ड घेतलं, फोटो बघितला, बाबांना बघितलं. फोटोतल्या माणसाचा चेहरा पूर्ण होता. "डावीकडून जुळतंय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी जुना अर्ज काढला आणि सही दाखवली. "ही तुमची?"

"नाही," बाबा म्हणाले. हे बाईंनापण कळलं.

"मग कुणाची?"

बाबा बोलले. लांबलचक बोलले. बाईंनी माझ्याकडे बघितलं, कारण ताईनं माझ्याकडे बघितलं होतं. ते म्हणाले होते, पोरीनं केली, पण मी सांगितलं म्हणून.

मी सहीचं त्यांना कालपर्यंत सांगितलंच नव्हतं, तर ते मला काय सांगणार. ते माझ्यासाठी खोटं बोलत होते. कालच मी खोटं बोलले म्हणून टेबल आपटणारा माणूस.

"काय म्हणतात?" बाईंनी विचारलं.

"म्हणतात, पोरीनं केली," मी म्हटलं.

"कुठल्या पोरीनं?"

आम्ही दोघी उभ्या होतो. ताई इस्त्रीच्या कपड्यांत, चाकाच्या खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवून. एक शब्द लागला असता. 'हिनं.' बाईंना काय कळलं असतं? जिभेच्या टोकावर होता, अगदी टोकावर. ताईला बहुतेक कळलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, पण दांड्यावरची तिची बोटं पांढरी झाली होती.

"मी," मी म्हटलं. "आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. ते आता म्हणतायत सांगितलं होतं, पण नव्हतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "वय?"

"सतरा. तेव्हा सोळा."

"वाचलीस," त्या म्हणाल्या. "अठराची असतीस तर मी आत्ता वेगळ्या खोलीत पाठवलं असतं तुला. नोंद करावी लागेल. घरी पत्र येईल, साहेब बोलावून समज देतील. जायचं. उलट बोलायचं नाही."

"ती बोलेल," बाबा म्हणाले. मी ते सांगितलं नाही.

मग नवीन नमुना घ्यायचा होता. तीन सह्या, एकाखाली एक. बाबांना बावीस मिनिटं लागली. मागची रांग आधी कुरकुरली, मग त्यातल्या एका म्हाताऱ्यानं चक्क खिडकीत वाकून बघायला सुरुवात केली. तिन्ही सह्या तीन वेगळ्या माणसांच्या वाटत होत्या.

"यातली कुठली धरायची?" मी विचारलं.

"तिन्ही," बाई म्हणाल्या. "मिळून एक माणूस होतो."

त्यांनी माझ्या सहीवर लाल पेनानं आडवी रेघ ओढली. एवढी सुंदर सही. पेटीतून बाबांचा बाजूला ठेवलेला लिफाफा आला. बाईंनी मुंगी बघितली, तीन मुंग्या बघितल्या, शिक्का मारला आणि लिफाफा दुसऱ्या पेटीत टाकला. मोजायच्या मतांच्या. बाबांनी श्वास सोडला तो मला पाठीमागून ऐकू आला.

"साक्षीदार?" बाई म्हणाल्या. "नव्या नमुन्याला लागतो. अठरा पूर्ण."

ताई पुढे झाली. मोती, मोती, मोती. आता ती तिथेच राहणार, बाबांच्या तीन सह्यांखाली, वर्षानुवर्षं, आणि मी एका लाल रेघेखाली. मी दुसरीकडे बघितलं. भिंतीवर सूचना होती, इथे थुंकू नये. मी ती चार वेळा वाचली.

बाहेर उन्हात मी चाकाची खुर्ची ढकलत होते. ताई दोन पावलं पुढे, काकांशी फोनवर बोलत होती. काम झालं, येतोय, जिन्यापाशी या. बाबांनी मान थोडी वळवली आणि बोलले. म्हणाले, "शेवटची रेघ मी वर नेतो. तू खाली नेलीस. तिन्ही वर्षं."

म्हणजे प्रगतिपुस्तकं. म्हणजे त्यांना माहीत होतं, सगळं, आणि एका शब्दानं बोलले नव्हते.

ताई फोन ठेवून मागे वळली. "काय म्हणाले गं?"

"तुला नव्हतं," मी म्हटलं, आणि खुर्ची पुढे दामटली.